सापारगाली आणि बर्फाचा ग्रह

सायराशचा पाय घरात कधी ठरत नसे. चहा ओतताना एक डोळा दाराकडे, पीठ मळताना एक कान गोठ्याकडे. बायका म्हणत, हिला झोपेतसुद्धा कुणीतरी हाक मारत असणार. खरं तर ती नवरी होऊन आली तेव्हा हे घरच कान देऊन बसलेलं होतं. तिचे थोरले दीर तिच्या लग्नाच्या दोन हिवाळे आधी घोड्यांच्या मागे गेले आणि हिमवादळात सापडले. घोडा परत आला, ते आले नाहीत. भिंतीवर त्यांचा एक फोटो होता, तोंड घट्ट मिटलेलं.

आमच्याकडे सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही, मग ते हयात असोत वा नसोत. सायराश त्यांना नुसतं 'थोरले' म्हणे. ज्यांना कधी पाहिलं नाही आणि ज्यांचं नाव जिभेवर आणायचं नाही, त्यांच्या सावलीत तिने वीस वर्षं चहा ओतला. कधीकधी तिला त्यांचा रागही येई. मेलेल्या माणसाशी भांडणार कसं?

मग झान्सायाचं पुस्तक आलं. झान्साया तिची लेक, अल्माटीला शिकणारी. पोरीने चक्क कादंबरी लिहून छापली आणि गावच्या बसबरोबर पाठवून दिली. मुखपृष्ठावर बर्फात रुतलेलं यान. त्यात नवल काहीच नाही. आमच्या माळावर अंतराळातून परतलेली यानं उतरतात, हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात, आणि वरून पडलेल्या पत्र्याची डोण करून लोक मेंढ्यांना पाणी पाजतात. पुस्तकात एक यान बर्फाच्या ग्रहावर कोसळतं. जिवंत उरतात दोघंच, नूरा नावाची मुलगी आणि एक मुलगा. थंडीशी झुंजता झुंजता त्यांचं प्रेम जमतं.

"नातीचं पुस्तक आहे, मला वाचून दाखव," सासूबाई म्हणाल्या. कंशायिम त्यांचं नाव, घरात सगळे त्यांना आपा म्हणत; त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दुपारच्या चहानंतर त्या लोडाला टेकून बसल्या. सायराशने पहिलं पान वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीत ती थबकली. मुलाचं नाव होतं अल्दियार. थोरल्यांचं नाव.

नेमका तेव्हाच बाहेर ढोरांच्या डॉक्टरने जीपचा भोंगा वाजवला.

"नूराच्या मागोमाग बाहेर आला... सापारगाली," सायराश म्हणाली.

"आपला ढोरांचा डॉक्टर?"

"दुसरा असेल, आपा."

"असावा. आपल्या डॉक्टरला स्वतःची गाडी खड्ड्यातून काढता येत नाही, तो ग्रहावरून काय सुटणार!"

तेव्हापासून रोज दुपारी सापारगाली बर्फ तुडवत राहिला. चुंबनं आली की सायराश पानं उलटून पुढे जाई. सासूसमोर ते वाचायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

"काय गं, तीन दिवस एका पांघरुणात आहेत आणि बोलतात फक्त हवामानाचं?" आपा म्हणाल्या. "मी म्हातारी झालेय, पण तीन मुलं काय हवामानावर बोलून झाली मला?"

बाकीचं पुस्तक सायराशने गोठ्यात, दूध काढता काढता चोरून वाचलं. वाचताना तिचा जळफळाट होई. जीव जाईल एवढ्या थंडीत प्रेम कसलं सुचतं या पोरांना! पण नूरा त्या मुलाचे गोठलेले पाय आपल्या पोटाशी धरून बसते, तिथे ती गाईच्या कुशीला कपाळ टेकवून ढसाढसा रडली. पुस्तक शेणीच्या ढिगाऱ्यात पुरून टाकावं असं वाटे, आणि तेच छातीशी घेऊन फिरावंसंही वाटे. शेवटी मुलगा घरी पोचतो, हे कळलं तेव्हा तर तिला दोन घास गोड लागेनात.

झान्सायाचा फोन आला. "आई, गुरुवारी येतेय. आपाला अल्दियार आवडला का?"

"तुला दुसरं नाव मिळालं नाही का गं?"

"त्याच्यासाठीच तर लिहिलं. तू घेऊ शकत नाहीस, बाबा घेत नाहीत, आपा घेत नाही. त्या घरात त्याचं नाव घेणारी मी एकटीच उरलेय."

"आणि आपाच्या काळजाचं काय? त्या तेव्हाच एकदा मेल्यात, त्यांना परत मारायचंय का तुला?"

सायराशने फोन ठेवला आणि धुतलेल्या वाट्या पुन्हा धुवायला घेतल्या. गुरुवारी बिंग फुटणारच होतं.

बुधवारी शेवटचं प्रकरण उरलं. सायराशने पुस्तक उघडलं, मिटलं, उठून चुलीत शेणी सारल्या, बसली, पुन्हा उठली.

"बस आता," आपा म्हणाल्या. "आधी एक सांग. तो वाळल्या दह्याचा, कुरुतचा खडा दाताने फोडत नाही, गालात धरून विरघळवतो. हे पुस्तकातच आहे ना? तू नाही घातलंस?"

"पुस्तकातच आहे. त्याचा पुढचा दात अर्धा तुटलाय म्हणून."

"माझ्या लेकाला शिंगराने लाथ मारली होती. फोटोत तोंड मिटलंय, तुला कुठून दिसणार. झान्साया एवढीशी होती, माझ्या कुशीत झोपायची, तेव्हा तिला सांगितलं होतं मी."

नाव लपवायला सायराश डोळ्यांत तेल घालून बसली होती, आणि दात मात्र स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवला होता.

"मग बोलला का नाहीत, आपा?"

"तू त्या सापारगालीला इतक्या कष्टाने जगवत होतीस, म्हटलं बघू कुठवर नेते." आपा हसल्या, आणि मग हसू मावळलं. "आता पुरे. पुढे मरायचं असेल तर मरू दे, यायचं असेल तर येऊ दे. जे व्हायचं ते त्याच्या स्वतःच्या नावाने होऊ दे. घे त्याचं नाव."

"मी सून आहे, आपा."

"मान राखायचा म्हणून नाव घेत नाहीत. त्याची आई सांगतेय, घे."

सायराशने पान समोर धरलं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. फोटोकडे तिने पाहिलंच नाही.

"अल्... अल्दियारने दाराला हात लावला," तिने वाचलं. "दार आतून लावलेलं नव्हतं. चुलीपाशी बसलेली आई मागे न बघता म्हणाली, किती उशीर रे, जेवण गार झालं."

आपांनी तोंड दाराकडे वळवलं.

"खोटारडी," त्या म्हणाल्या. "खोटारडी आहे तुझी पोरगी. तो अख्खा हिवाळा मी कडी लावली नव्हती. कुणी आलं नाही."

सायराशने पुस्तक मिटलं. काय केलं आपण हे, असं वाटून तिला उठून पळावंसं वाटलं. पण म्हातारीने चाचपडत तिचं मनगट पकडलं.

"बंद कशाला केलंस? वाच पुन्हा. दारापासून."

सायराशने पान शोधलं. "अल्दियारने दाराला हात लावला," ती म्हणाली, आणि या वेळी जीभ अडखळली नाही.