फ्रेमसाठी दिलेलं न्यायाधीशाचं पत्र

मंडळी, आज संध्याकाळी सौदीतल्या खोबर शहरातल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात एक अमेरिकन बाई आल्या. म्हणाल्या, "माझे बाबा आमच्याकडच्या जुन्या न्यायाधीशांची हस्तलिखित पत्रं जमवायचे. त्यांच्या वहीत तुमच्या दुकानाचं नाव सापडलं."

मी कपाटातून पाकीट काढलं. आखाती युद्धात एका अमेरिकन लष्करी वकिलाने, म्हणजे बाईंच्या बाबांनीच, एका न्यायाधीशाचं दोनशे वर्षांपूर्वीचं पत्र फ्रेम करायला दिलं होतं. त्यांची तुकडी अचानक हलली, ते दुकानात परत आलेच नाहीत. पत्ता नव्हता, म्हणून जपून ठेवलं.

बाईंनी पत्र घेतलं, पण उघडलं नाही. विचारलं, "बाबा तेव्हा घाबरले होते का? घरी युद्धाबद्दल कधीच बोलले नाहीत. आता विचारायला ते नाहीत."

मी खरं तेच सांगितलं. "घाबरले होते. पत्र द्यायला आले तेव्हाच क्षेपणास्त्र हल्ल्याचा सायरन वाजला, तसे आम्ही टेबलाखाली बसलो. मला विषारी वायूपासून वाचवणारा मास्क लावता येईना, तर त्यांनी आधी माझा लावला, मग स्वतःचा."

बाईंनी तिथूनच आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "हे पुन्हा एकदा सांगाल?"

कुणाच्या माणसाबद्दल असं काही तुमच्याकडेही सांगायचं राहिलंय का?