लाइलची कडा

वॅलंगरी गावात कुणी कमरेचा पट्टा घ्यायला आलं की आधी कडेवरून अंगठा फिरवायचं. अंगठा कुठे अडला नाही की गिऱ्हाईक खूश होऊन म्हणायचं, "लाइलची कडा!" मागच्या खोलीत बसलेली मर्ल ट्रँटर ते ऐकायची आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायची.

लाइल तिचा थोरला भाऊ. खोगिरांचं दुकान वडिलांचं. ते गेल्यावर लाइल पुढे गल्ल्यावर बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी घोड्यांच्या, दुष्काळाच्या गप्पा मारू लागला. कातडं कापायचं तेवढं तो कापी. बाकी सगळं मर्लकडे. खोलीत एक अर्धगोल ओंडका होता. त्यावर पट्टा वळवून ती अस्तर चिकटवायची, म्हणजे कमरेला बांधल्यावर ते आत गोळा होत नाही. मग शिवण. मग कडा तासून, ओल्या फडक्याने भिजवून, लाकडी घोटणीने घोटून मेण चोळायची. टोकाशी अस्तर इतकं पातळ सोलायची की दोन कातड्यांचा सांधा नखालाही लागू नये. शेवटी लाइल यायचा, आपली हॅट त्या ओंडक्यावर ठेवायचा आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला स्वतःच्या नावाचा शिक्का ठोकून जायचा.

वर्षानुवर्षं असंच चाललं. साठी उलटल्यावर मर्लला एक हौस वाटू लागली. गावच्या वार्षिक प्रदर्शनात एक तरी पट्टा आपल्या नावाने ठेवावा.

"ठेव की," लाइल म्हणाला. "फक्त केकच्या टेबलापाशी ठेवू नकोस, कुणीतरी चहाबरोबर खाऊन टाकेल!"

तिनं जीव ओतून बिनशिक्क्याचा पट्टा केला.

परीक्षक होते म्हातारे कॅटरमोल. त्यांनी अंगठा फिरवला, चेहरा खुलला. मग चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि चेहरा पडला.

"मर्ल, हे बरं नाही हं."

"काय झालं?"

"अगं, डोळे बांधले तरी ओळखेन मी. ही लाइलची कडा आहे. भावाचं काम आपल्या नावावर खपवायचं, तेही या वयात?"

मुरंब्याच्या बरण्यांपाशी उभ्या असलेल्या बायका वळून पाहू लागल्या.

"लाइल, तू सांग ना त्यांना."

लाइलने हॅट काढली, तिच्या आत पाहिलं, पुन्हा डोक्यावर घातली. "जाऊ दे ना मर्ल. चारचौघांत कशाला तमाशा?"

पट्टा टेबलावरून उचलला गेला. कॅटरमोलनी लाइलच्या पाठीवर थाप मारली आणि तिथंच स्वतःसाठी एक पट्टा सांगितला.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणताना 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीपाशी मर्लचे ओठ मिटले. खोटं बोलायचंच तर निदान देवासमोर नको, असं तिला वाटलं.

सोमवारी लाइलने कापलेलं कातडं तिच्यापुढे टाकलं. "कॅटरमोलचा आधी घे."

"हा तू कर."

"मी? अगं, किती वर्षं झाली!"

"कडा तुझीच ना?"

तो हसला. ती हसत नाही म्हटल्यावर खाली बसला.

हॅट नेहमीसारखी ओंडक्यावर होती. लाइलने पट्टा टेबलावर सपाट पसरला, गोंद लावला आणि अस्तर वरून दाबून बसवलं. मर्ल चहाचा कप धरून बघत होती. ओंडक्यावर घे, एवढे दोनच शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते तिनं चहाबरोबर गिळले. पुढे त्याने शिवलं, घोटघोट घोटलं. हात वडिलांनी शिकवलेला होता, कडा काही वाईट झाली नाही. टेबलावर पट्टा अगदी सरळ, देखणा दिसत होता. कॅटरमोलच्या पोटावर आवळला की अस्तराला आतून चुण्या पडणार होत्या, आणि त्या पुन्हा कधी जाणार नव्हत्या.

"बघ गं, जमलंय ना?"

तिनं कडेवरून अंगठा फिरवला.

"ठोक तुझा शिक्का," ती म्हणाली.

त्याने दोन घाव घालून शिक्का ठोकला आणि खुशीत पट्टा घेऊन पुढे गेला. मर्लने त्याची हॅट ओंडक्यावरून उचलून खुंटीला लावली, आणि पुढचं अस्तर वळवायला घेतलं.