पीनट बटरचे लाडू

कॅनडात, वॉटर्लूच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये ती लेकीला घेऊन एकटीच भाड्यानं राहायची. कामाचे तास कमी झाले की फूड बँकेत मोफत शिधा आणायला जायची, तेही नीट काजळ घालून. मी भाजीचा डबा दिला, तर तो कधीच रिकामा परत आला नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. "रिकामा कसा देऊ, ताई?"

दिवाळीला मराठी मंडळात सगळ्यांनी फराळ आणला. सगळ्यात आधी तिचेच लाडू संपले. एकीनं विचारलं, "कशाचे गं?"

मला माहीत होतं, म्हणून मी घाईनं विषय बदलायला गेले. ती मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फूड बँकेत ओट्स आणि पीनट बटर मिळतं ना, त्याचे."

लेक लगेच पुढे सरकली. "अँड आय रोल्ड देम!"