पळसाचं ओलं पान

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी सुट्टीला दवनीवाड्याला होतो. तिथं वैनगंगेच्या वाळूत एका वयस्क बाईची टरबुजांची वाडी होती. नाव मी कधी विचारलं नाही. दुपारी ती पळसाची पानं नदीत बुडवून एकेका टरबुजावर ठेवायची, निजलेल्या लेकराला पांघरूण घालावं तशी.

"कायले झाकून राहिली, मावशी?"

"कातडी करपली का आतलं रंगत नाही, बाबू."

मग माझी लाल झालेली मान पाहून तिनं तिथंही एक पान ठेवलं. तिची स्वतःची मान उघडीच होती.

सांजेला चंद्र उगवला. "आता चांदणं खाऊ दे," म्हणत तिनं टरबुजांवरची सगळी पानं काढली. माझ्या मानेवरचं काढायचं राहिलं. भर उन्हात ते मला अजून गार लागतं.