कॅबिनेटला करंट येतो

ग्राफिक्स कार्ड आठ जीबीचं घ्यावं की बारा, या एका प्रश्नात मी तीन महिने घालवले. व्हिडिओ पाहिले, अनोळखी लोकांशी भांडलो, वहीत तक्ते आखले. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की बोटं चिणचिणायची, त्याचा मात्र कधी विचारही केला नाही. आपल्याकडे फ्रिजला करंट येतो, कूलरला येतो, आणि सगळ्यांवर इलाज एकच: पायात चप्पल घाल. मी घालून बसायचो, संपला विषय.

त्या शनिवारी सकाळी दुकानाच्या काउंटरवर कोपरं टेकून मी अक्कल पाजळत होतो. कार्ड बारा जीबीचंच, असं ठरलं. पॉवर सप्लायची वेळ आली तेव्हा म्हणालो, तो साधा द्या, त्यात काय एवढं. दुकानदाराने विचारलं, "घरी अर्थिंग आहे ना?"

मी हसलो. "जुनं घर आहे हो, भाड्याचं. बोर्डाला तीन भोकं आहेत, पण वरचं नुसतं शोभेला. थोडं चिणचिणतं. चप्पल घातली की झालं."

तो हसला नाही. हातातला कार्डाचा खोका त्याने खाली ठेवला. "दादा, चिणचिणतं म्हणजे करंट पत्र्यात उतरतोय. आज चिणचिणतंय, उद्या धरून ठेवेल. घरात अजून कोण असतं?"

"आई," मी म्हणालो.

माझा घटस्फोट झाल्यापासून गंगापूर रोडच्या त्या घरात आम्ही दोघंच. आई घरात चप्पल घालत नाही. निफाडला आमच्या घरी कुणीच घालत नसे. आणि धूळ दिसली की तिला चैन पडत नाही, ओलं फडकं कायम हातात. मी शहाणा तर निघताना एक मोठा गेम डाउनलोडला लावून कॉम्प्युटर चालूच ठेवून आलो होतो.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. घरमालक वरच्या मजल्यावर राहतात, त्यांचाही लागेना. दुकानदार म्हणाला, "तुम्ही निघा आधी. सामान कुठे पळून जात नाही."

गाडी कशी चालवली देव जाणे. सिग्नलला थांबलो की हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने आईला हाका मारायचो. शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला. लहानपणी जत्रेत तिचा हात सुटला होता, तेवढा घाबरलो होतो मी. बारा जीबी काय आणि आठ जीबी काय, सगळ्याची शिसारी आली.

दार नुसतं लोटलेलं. "आई!" उत्तर नाही. खोलीत कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ओलं फडकं पडलेलं, खाली फरशीवर पाण्याचा ओघळ. भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मागच्या दाराकडे धावलो.

आई दोरीवर चादर वाळत घालत होती. उभी, धडधाकट. जिवात जीव आला तसा मी तिच्यावरच खेकसलो, "फोन का उचलत नाहीस?"

"आत हाय फोन. काय झालं रे एवढं?"

"कॉम्प्युटर पुसलास?"

"रोजच पुसते."

"करंट नाही लागत?"

"लागतो की. पार कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. लय दिवसांपासून."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

तिने चादरीची सुरकुती सारखी केली. "बोलले असते तर तू तो बंद करून ठेवला असता. इथं आल्यापासून तू कुणाशी धड बोलत नाय. त्याच्यापुढं बसला की तेवढा हसतो. मला सैपाकघरात ऐकू येतं."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. विचारलं, "भीती नाही वाटली तुला?"

"वाटायची ना," आई म्हणाली. "म्हणून तर तू घरी नसतानाच पुसायची. हात झटकलेला तुला दिसायला नको."