भोपळ्याची बिअर आणि माझी जीभ

पितृपक्ष चालू होता आणि मी भर दुपारी बिअर चाखायला निघाले होते. पर्समध्ये लौंग सेवची, म्हणजे लवंग घातलेल्या तिखट शेवेची, पुडी ठेवली होती, कारण तिथे बिअरबरोबर देतात ते शेंगदाणे माझ्या कवळीला झेपत नाहीत. मुलगा दारात आडवा आला.

“आई, निदान पंधरवडा तरी संपू दे!”

“पितरांनी हरकत घेतली तर तुला कळवते,” म्हटलं आणि रिक्षात बसले.

मुलाचं दुःख वेगळंच आहे. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, बिअर बनवते. तो नातेवाइकांना सांगतो, “फूड प्रोसेसिंगमध्ये आहे.” तसं ते खोटंही नाही. शिकली तेच, आणि पहिली नोकरी इथेच, इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात होती. तेव्हा ती घरी आली की साऱ्या राजेंद्र नगरला व्हॅनिलाचा वास यायचा. आता दोन वर्षं बायपासकडच्या एका जागी असते. तिथे काचेच्या भिंतीमागे मोठमोठे चकचकीत टँक आहेत, बिअर तिथेच शिजते, तिथेच मुरते आणि तिथेच टॅपमधून पेल्यात पडते.

तर त्या दुपारची गोष्ट. मालक दर वर्षी दसरा ते दिवाळी एक टॅप खास शरदाच्या बिअरसाठी राखतो. नवरात्रात इंदूरमध्ये कोण पितंय? दसऱ्याचं सोनं वाटून झालं की लोकांना तहान लागते. आजवर या टॅपची कृती पुण्याचा कुणी तज्ज्ञ पाठवायचा आणि नात ती मुकाट्यानं शिजवायची, टँक धुवायची, पुन्हा शिजवायची. यंदा तिनं हट्ट धरला की एक कृती माझी घ्या. मालक म्हणाला, ठीक आहे, तज्ज्ञाच्या दोन, तुझी एक. तिन्ही लहान प्रमाणात बनव, कुठली कुणाची ते मला सांगू नकोस, जी आवडेल ती टॅपवर जाईल. हरली तर पुढच्या वर्षीही तिच्या हाती दुसऱ्याचा कागद आणि टँक धुवायचा ब्रश. महिनाभर पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं.

मला बोलावणं मालकाचं होतं. मागे एकदा त्याची गव्हाची बिअर तोंडाला लावून मी म्हटलं होतं, “इसमें साबुन है.” सगळे हसले. मग पाहिलं तर पेले विसळणाऱ्या यंत्राचं पाणी खरंच नीट येत नव्हतं. तेव्हापासून तो मला माताजी म्हणतो आणि माझ्या जिभेला घाबरतो.

आता ही जीभ मूळची कोण, ते सांगायला हवं.

सव्विसाव्या वर्षी मी भगिनी मंडळाची सेक्रेटरी होते आणि व्यसनमुक्तीवर भाषणं देत असे. तेव्हा आम्ही जुन्या इंदुरात दोन खोल्यांत राहत होतो. बिअर मी पाहिली नव्हती, हुंगली नव्हती. पण तिच्यावर अर्धा तास बोलू शकत होते. न चाखता मत देण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी बढतीची एक बाटली नवऱ्यानं घरी आणली आणि कूलरच्या पाण्यात लपवली. कूलरमध्ये पाणी भरणार मीच, हे त्या बिचाऱ्याच्या लक्षात राहिलं नाही. मी ती बाटली त्याच्या देखत, सावकाश, मोगऱ्याच्या कुंडीत रिकामी केली. मला वाटलं, तो चिडेल आणि मग मी बोलेन. भाषण तयार होतं. तो कुंडीकडे बघत एवढंच म्हणाला, “थोडी थंड तरी होऊ द्यायची होतीस. मोगऱ्याला बरं वाटलं असतं.”

ते भाषण मी पुढच्या आठवड्यात मंडळात दिलं. मोगरा मात्र त्या वर्षी बेताल फुलला.

आणि ही सती-सावित्री त्या दिवसांत रोज जेवणानंतर द्राक्षासव घेत होती. वैद्यबुवांनी दोन चमचे सांगितले होते, मी चार घेई. औषधात हात आखडता घेऊ नये अशी माझी समजूत. दुपारी मला गाणी सुचायची. सासूबाई शेजारणीला म्हणायच्या, “सुनेला आमचं अन्न मानवलं हो!” ही सवय मी पुढे चाळीसहून जास्त वर्षं जपली. मागच्या वर्षी नातीनं सहज बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि जमिनीवर बसून हसायला लागली.

“आजी, यात अल्कोहोल आहे. आमच्या बिअरपेक्षा जास्त!”

“काहीतरीच. वैद्यांनी दिलंय.”

“अगं, म्हणजे सेक्रेटरीबाई टुन्न होऊन व्यसनमुक्तीवर बोलून राहिल्या होत्या!”

तेव्हा कळलं की माझी भाषणं इतकी रंगायची कशामुळे.

बिअरचा पहिला घोट मी घेतला तो नवरा गेल्यावर, अडुसष्टाव्या वर्षी, या नातीच्याच आग्रहानं. कडू लागला. दुसराही कडूच, पण मेथीच्या भाजीसारखा, घरातला. तिसऱ्या घोटाला वाटलं, त्या मोगऱ्याची मजा होती. आता मला विचाराल तर शरदातल्या बिअरचं गणित सोपं आहे. आमच्या माळव्यात तेव्हा दुपारी कातडं भाजतं आणि दिवे लागले की शाल आठवते. म्हणून दुपारी गव्हाची घ्यावी, गढूळ दिसते ती, संत्र्याच्या सालीच्या वासाची. आणि संध्याकाळी तांबूस, भाजलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या जवाची, कढईला गूळ लागल्यासारखा वास येतो ती. फार थंड पिऊ नये. बर्फगार बिअर पिणं म्हणजे सर्दी झालेल्या माणसानं अत्तर हुंगणं. आधी घोटभर मागावी, नाक घालावं, मग पेला सांगावा. लाजू नये. साडी घेताना आपण बावीस घड्या मोडायला लावतो, तिथे लाजतो का? आणि फळ्यावरच्या नावाला भुलू नये. ज्या बिअरचं नाव लांब, तिची चव आखूड असते.

एवढी अक्कल असलेली बाई त्या दुपारी काय करून बसली, ते ऐका.

जागा अजून उघडायची होती. एका टेबलाशी मालक, तिथला शेफ आणि मी. नात काउंटरमागे. येताना तिनं मला बजावलं होतं, “आजी, ओळखायला जाऊ नकोस. जिभेला वाटेल ते बोल, बस.” प्रत्येकापुढे तीन लहान पेले ठेवले, खाली एक, दोन, तीन असे आकडे लिहिलेल्या चकत्या.

“माताजी, खुलके बोलना,” मालक म्हणाला. “अपने को झूठी तारीफ नहीं चाहिए.”

एक नंबर सीताफळाची. बासुंदीला ढेकर आल्यासारखी. मी अर्धी पिऊन बाजूला केली.

दोन नंबरचा रंग शेंदरी. वास घेतला तर लाल भोपळा! मला आठवलं, नातच म्हणाली होती की परदेशात शरद आला की लोक बिअरमध्ये भोपळा घालतात. म्हणजे ही तज्ज्ञाची. कुठल्या तरी वेबसाइटवरून उचललेली. एक घोट घेतला. गोडसर, खमंग, मागे काहीतरी ओळखीचं रेंगाळणारं. दुसरा घेतला. काय ओळखीचं आहे ते काही सापडेना, म्हणून पुडीतली सेव तोंडात टाकत तिसरा.

तीन नंबर काळी. मनुका, मिरे आणि काढ्याचा दर्प. माझंच द्राक्षासव, हँडपंपाचं पाणी घालून वाढवलेलं. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. महिनाभर ही पोरगी मला त्या आसवाबद्दल विचारत होती. लवंग किती लागते, मिरे पुढे येतात का, मनुका आधी कुटायच्या का. अरे, ही माझ्या पोरीची! चव कशीही असो, पोर आपली आहे.

मी पदर सावरला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी सेक्रेटरीबाई पुन्हा उभ्या राहिल्या.

“तीन नंबर!” मी म्हटलं. “क्या बात है! सर्दी-खाँसी भी जाए और मन भी भरे. इसको आँख मूँदके लगा दो.”

“और दो नंबर?” मालकानं जरा चाचरत विचारलं. “मेरे को तो वो जम रही थी.”

“वो?” मी नाक मुरडलं. “वो तो श्राद्ध की सब्जी है! गिलास में क्यों डाली? छत पे रखो, कौआ आएगा तो ठीक, वरना वो भी नहीं छुएगा. हमारे मराठी में फेल होने को भोपळा मिलना कहते हैं, मालूम है?”

शेफ खो खो हसला. मालकानं मान डोलावली. “आपने साबुन पकड़ा था, माताजी. आप बोल रही हो तो…” आणि त्यानं दोन नंबरचा आकडा उचलून बाजूला टाकला.

काउंटरमागे नात एक पेला पुसत होती. तो पेला केव्हाच कोरडा झाला होता, तरी ती पुसतच होती.

“आजी,” ती मराठीत म्हणाली, “दोन नंबर माझी आहे.”

“आणि ते आसव?”

“ते पुण्याचं. त्याच्या कागदावर मसाल्याचं प्रमाणच धड नव्हतं, म्हणून तुला विचारत होते.” मग म्हणाली, “भोपळा भाजून घेतला, गूळ घातला, शेवटी जायफळ. तुझे घारगे होते ते.”

घारगे! चाळीस वर्षं मी भोपळा-गुळाचे घारगे तळतेय, ही पोरगी ओट्यावर पाय हलवत बसून गरम गरम खात मोठी झाली, आणि माझीच चव समोर आली तर मी तिला कावळ्यापुढे टाकलं.

मी मालकाकडे वळले. “सुनो, मैंने झूठ बोला. दो नंबर ही अच्छी है. तीन नंबर तो काढा है, पिया नहीं जाता.”

मालक हसला, त्याला मराठी पुरेसं समजत होतं. “अब तो आप बोलोगी ही, माताजी. पोती है आपकी.”

“नहीं, सच में!”

“अभी तक भी सच में ही बोल रही थीं आप.”

 माझ्या शब्दाचं मोल मीच शून्य करून ठेवलं होतं. आता खरं बोलले तरी ते नातीसाठी खोटं ठरणार, आणि जितकं जोरात बोलावं तितकं जास्त खोटं. नात माझ्याकडे बघतही नव्हती. 

तेवढ्यात शेफ पुढे वाकला. “सर, एक मिनट. माताजी के गिलास देखो.”

सगळ्यांनी पाहिलं. एक नंबर अर्धा. तीन नंबर जवळजवळ काठोकाठ, फेससुद्धा फारसा मोडला नव्हता. आणि दोन नंबर कोरडा ठणठणीत. तळाशी जायफळाचे चार कण आणि सेवचा एक तुकडा.

“कौए ने पी ली क्या?” शेफ म्हणाला.

मालक इतका हसला की खुर्ची मागे सरकली. हसता हसता त्यानं आपल्या पेल्यांकडे हात नेला आणि थांबला.

“और मेरा दो नंबर? मैंने तो दो घूँट ही लिए थे.”

त्याच्या रिकाम्या पेल्याच्या तळाशीही सेवचा तुकडा होता; मी पुडी पर्समध्ये सारून चेन लावू लागले.

त्यानं टाकलेला आकडा उचलला, पुसला आणि टेबलाच्या मध्यभागी ठेवला. “बेटा,” तो नातीला म्हणाला, “दशहरे से ये चलेगी. बड़ा टैंक लगा.” तिनं इंदुरी ‘हओ’ म्हणून होकार दिला, हातातला पेला खाली ठेवला आणि टँककडे गेली. पाठमोरी होती, पण काचेत मला दिसलं, ती तोंडावर हात दाबून उभी होती.

घरी येताना तिच्या स्कूटीवर मागे बसले.  सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, “लोक आपल्या माणसासाठी खोटं बोलतात. तू आपल्या माणसाच्या विरुद्ध खोटं बोललीस, तेही आपल्या माणसासाठी. असं फक्त तुलाच जमू शकतं.”

“अगं, प्रेमापोटी—”

“आजी, प्लीज. हिरवा झाला.”

दसऱ्यानंतर बिअर टॅपवर आली. मला शिक्षा झाली: दिवाळीपर्यंत तिकडे पाऊल टाकायचं नाही. नात म्हणाली, “तुझं मत देऊन झालंय. आता तू तिथे बसून तारीफ करशील आणि लोक पळतील.” मी पुष्कळ विनवलं. कोपऱ्यात बसेन म्हटलं, तोंडाला पदर लावेन म्हटलं. नाही म्हणजे नाही. रोज ती दमून घरी यायची, अंगाला भाजल्या गुळाचा वास यायचा, आणि मी पाण्याचा तांब्या पुढे करून हळूच विचारायची, “काय म्हणतात गं लोक?”

“काही म्हणत नाहीत,” ती पाणी पीत म्हणायची. “पितात आणि अजून मागतात. शीक जरा त्यांच्याकडून.”