क्रम मी लावला होता

सूड उगवायला सुरी लागते असं कुणी सांगितलं? मी स्लाइड्स नीट लावल्या, बस्स.

वरुणा गावाकडच्या ऊसशेतांतल्या मातीवरचं काम माझं. भर उन्हात माती खणली मी, पिशव्या मांडीवर घेऊन बसने म्हैसूरला आणल्या मी. आणि परिषदेत बोलायला आमच्या सरांनी निवडलं कुणाला? पुण्याहून आलेल्या सीनियरला! का, तर त्याचं बोलणं छाप पाडतं. "तू फक्त स्लाइड्स लावून दे," सर म्हणाले. जो बोलेल त्याचंच काम मानलं जाणार, पुढची नोकरीही त्यालाच, हे काय मला कळत नव्हतं? तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आई म्हणाली, "सुम्ने राहा गं, भांडून काय मिळणार?" राहिले गप्प.

लावायचं तर चोखच लावायचं. आधी प्रश्न, मग हीच शेतं का, माती कशी घेतली, काय सापडलं. गोंधळ असला की चोराला लपायला जागा मिळते. मी जागाच ठेवली नाही. एका शेताचे आकडे बाकीच्यांच्या उलटे होते. त्याला ते शेवटी बारीक अक्षरात हवे होते. मी ते मधोमध घेतले, ऐकणाऱ्याला शंका येणारच तिथे, आणि वर मोठं लिहिलं: हे एकच शेत वेगळं का? त्याला म्हटलंही, "नोट्स देऊ का?"

"मला शिकवू नकोस," तो म्हणाला. बरं बाबा!

परिषदेत पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापक बाईंनी त्याला नेमकं तिथेच अडवलं. का वेगळं?

"स्थानिक फरक," हा म्हणाला.

"कसला फरक?"

हा घाम पुसतोय, सर खाली बघताहेत, आणि मी मागे बसून मनसोक्त पाहतेय.

"तुम्ही त्या शेतात गेला होतात का?"

"नाही."

"मग कोण गेलं होतं?"

झक मारत त्याने माझ्याकडे बोट केलं. मी पुढे गेले. गोठा धुतलेलं पाणी रोज त्याच शेतात सोडतात, म्हणून तिथली माती वेगळी, हे सांगितलं. बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं दिली. मग त्याने माइकसाठी हात पुढे केला.

"तुम्ही बसा," मी म्हटलं, आणि उरलेलं भाषण मीच केलं.

तो सगळ्यांसमोर खाली मान घालून बसला. मला इतकं बरं वाटलं म्हणता, विचारू नका.